श्रीमती एलन रिचर्ड्स : पाण्याची परीक्षा करणारी विदुषी

नव्या गांवीं बिऱ्हाड केलें म्हणजे घरांतील वडील माणसें प्रथम तेथील पाणी कसें आहे याची चौकशी करितात. पाणी गोड कीं मचूळ, डाळ शिजते कीं नाहीं, साबणाला फेंस येतो कीं नाहीं, एवढें कळलें म्हणजे पाण्याविषयींचा निकाल झाला; आणि पुष्कळ अंशीं तो बरोबरही असतो. परंतु ज्या पाण्यांत डाळ उत्तम शिजते, जें पेल्यांत हिऱ्यासारखें चमकतें आणि घशाला थंडगार लागतें, तेंच पाणी घरांतील मुलाला विषमज्वरानें अंथरुणाशीं खिळविण्यास कारण होऊं शकतें, हें जिभेला किंवा डोळ्यांना कळत नाहीं. तें कळण्यास रसायनशास्त्राचा आश्रय करावा लागतो. ह्या कामीं जिनें आपलें आयुष्य वेंचलें, आणि तेंही ज्या काळीं स्त्रियांना प्रयोगशाळेचा उंबरठा ओलांडण्याची मुभा नव्हती त्या काळीं, त्या अमेरिकन विदुषीचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों.

एलन स्वॉलो हिचा जन्म ता. ३ डिसेंबर १८४२ रोजीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत डन्स्टेबल नांवाच्या खेड्यांत झाला. आईबाप दोघांनींही शिक्षकाचा पेशा केलेला. एलन ही त्यांची एकुलती एक मुलगी. आरंभींचें सर्व शिक्षण तिला त्यांनीं घरींच दिलें. पुढें मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून इ. स. १८५९ मध्यें तें कुटुंब वेस्टफर्ड गांवीं राहावयास गेलें व वडिलांनीं तेथें दुकान घातलें. एलन घरकामांत आईस मदत करी, शाळेंत जाई आणि उरलेल्या वेळीं दुकानांत बसे. शाळा संपली, परंतु विद्येची भूक मात्र भागली नव्हती. त्या वेळीं मुलींना खरें उच्च शिक्षण देणारीं कॉलेजें हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीं, आणि घरची स्थिति बेताची. तेव्हां तिनें मुलांना शिकविलें, आजाऱ्यांची शुश्रूषा केली, लोकांच्या घरीं स्वयंपाकाचें व झाडलोटीचें कामही केलें, आणि काटकसर करून सुमारे ३०० डॉलर गांठीं बांधले. ह्या खटाटोपांत वर्षें गेलीं. इ. स. १८६८ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील व्हासर कॉलेजांत तिनें पाऊल ठेवलें तेव्हां ती २५ वर्षांची होती. म्हणजे ज्या वयांत तिच्या बरोबरीच्या मुलींचे संसार थाटले होते, त्या वयांत ती पाटी हातीं घेऊन निघाली.

व्हासर कॉलेजांत दोन गुरूंची छाप तिच्यावर पडली. एक मरिया मिचेल. ह्या बाईंनीं इ. स. १८४७ मध्यें दुर्बिणीतून एक नवा धूमकेतु शोधून काढून मोठें नांव मिळविलें होतें. दुसरे रसायनशास्त्राचे अध्यापक फॅरर. ज्या शास्त्राचा नित्याच्या व्यवहारांत उपयोग होत नाहीं तें अर्धेंच राहिलें, असा ह्या अध्यापकांचा कटाक्ष होता. एलनला आकाशांतील ताऱ्यांचेंही वेड होतें. तरी तिनें शेवटीं रसायनशास्त्र पसंत केलें. आमच्या मतें ह्या निवडींतच तिचा स्वभाव दिसून येतो. जें चुलीजवळ, न्हाणीघरांत आणि विहिरीवर उपयोगीं पडेल तें तिला अधिक मोलाचें वाटलें.

इ. स. १८७० मध्यें पदवी मिळाली. आतां पुढें काय? तिनें रसायनांचा व्यवसाय करणाऱ्या मंडळींकडे काम शिकण्यास जागा मागितली, परंतु बाईमाणसाला कोण घेणार! त्यांपैकीं कोणीतरी बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या नव्या विद्यालयाकडे बोट दाखविलें. तेथें त्या वेळेपर्यंत एकही स्त्री शिकली नव्हती. चालकांनीं बराच खल करून त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तिला खास विद्यार्थिनी म्हणून घेतलें व फी माफ केली. आपल्या गरिबीची कींव येऊन ही सूट मिळाली असावी असें तिला वाटलें. खरें कारण तिला पुढें कळलें. फी घेतली नाहीं म्हणजे, कोणी आक्षेप घेतल्यास, ही बाई आमची विद्यार्थिनीच नव्हे असें सांगावयास चालक मोकळे! हें आधीं कळलें असतें तर आपण ती जागा घेतली नसती, असें तिनें मागाहून बोलून दाखविलें. दुसऱ्याच वर्षीं तिचे वडील आगगाडीच्या अपघातांत गेले. तेव्हांपासून आईचा भारही तिच्यावर आला. तरीही इ. स. १८७३ मध्यें तिनें त्या विद्यालयाची बी. एस्. ही पदवी मिळविली. ती मिळविणारी ती पहिली स्त्री. त्याच वर्षीं व्हासर कॉलेजनें तिला एम्. ए. केलें. ह्यापुढची डॉक्टरची पदवी मात्र विद्यालयानें तिला मिळूं दिली नाहीं.

इ. स. १८७५ मध्यें त्याच विद्यालयांतील खनिशास्त्राचे अध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स ह्यांच्याशीं तिचा विवाह झाला. लग्नाची मागणी त्यांनीं प्रयोगशाळेंतच घातली, आणि लग्नानंतरच्या प्रवासांत खनिशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा एक सबंध वर्ग बरोबर होता! असो. पति आपल्या पत्नीच्या विद्येचा अभिमान बाळगणारा मिळाला, हें तिचें भाग्य खरें.

आतां आम्ही एलनबाईंच्या मुख्य कार्याकडे वळतों. परंतु तें कळण्यास पाणी ह्या पदार्थाविषयीं थोडी फोड करणें अवश्य आहे.

आपण जें पाणी पितों तें शास्त्राच्या अर्थानें शुद्ध पाणी कधींच नसतें; तें एक मिश्रण असतें. पावसाचा थेंब खालीं येतांनाच हवेंतील वायु शोषून घेतो, आणि जमिनींत मुरल्यावर दगडामातीतील क्षार विरघळवून घेतो. ह्या मिश्रणाचे तीन प्रकार ध्यानांत ठेवावे. ओढ्याच्या पुराचें पाणी तांब्यांत भरून ठेवलें तर कांहीं वेळानें माती तळाशीं बसते; हें विषमांगी मिश्रण होय. त्यांतील कण मोठे असल्यामुळें तें गाळतां येतें व निवळतां येतें. मीठ विरघळलेलें पाणी मात्र वर्षभर ठेवलें तरी वर एक व खालीं एक असें होत नाहीं, आणि कसल्याही कागदांतून गाळलें तरी खारटच राहतें. हें समांगी मिश्रण, म्हणजे खरें द्रावण. ह्या दोहोंच्या मध्यें एक तिसरी जात आहे. तिची नीट ओळख थॉमस ग्रॅहॅम ह्या स्कॉटिश रसायनज्ञानें इ. स. १८६१ मध्यें करून दिली. तिला आपल्या परिभाषेंत कलिल म्हणतात. दूध हें तिचें नित्याचें उदाहरण. ह्यांतील कण इतके सूक्ष्म कीं ते गाळणीच्या कागदांतून पार होतात व खालींही बसत नाहींत. परंतु अंधाऱ्या खोलींत प्रकाशाची तिरीप त्यांतून सोडली तर तिचा मार्ग उजळून दिसतो. खऱ्या द्रावणांत तो दिसत नाहीं. पावसाळ्यांत नदीचें पाणी दिवसभर ठेवूनही गढूळ राहतें तें अशाच सूक्ष्म चिकणमातीमुळें. आपल्याकडे त्यांत तुरटी फिरवितात, किंवा मडक्याच्या आंतल्या बाजूस निवळीचें बीं घांसतात. तेणेंकरून ते कण एकमेकांस चिकटून जड होतात व खालीं बसतात. मोठ्या शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांतही तुरटी हेंच काम करिते.

येथपर्यंत डोळ्यांचें राज्य आहे. गाळ गेला, पाणी निवळलें, म्हणजे तें चांगलें झालें असें मनुष्य समजतो. परंतु जो भाग विरघळला आहे त्याचें काय? तो दिसत नाहीं, गाळला जात नाहीं, तुरटीला दाद देत नाहीं. मॅसॅच्युसेट्समधील कित्येक तळ्यांचें पाणी कुजलेल्या पानांच्या योगानें चहासारखें तांबूस दिसे. लोक त्यास नाक मुरडीत, पण तें बहुधा निरुपद्रवी असे. उलट घराच्या मागल्या अंगणांतील, शौचकुपापासून चार पावलांवरची विहीर स्फटिकासारख्या पाण्याची म्हणून वाखाणली जाई. त्या पाण्याची चमक आणि गोडी हीं पुष्कळदां जमिनींत झिरपलेल्या मैल्याच्या क्षारांनींच आलेलीं असत.

अशा पाण्याचा माग काढण्याचें शास्त्र एलनबाई अध्यापक विल्यम निकल्स ह्यांच्या हाताखालीं शिकल्या. संस्थानच्या आरोग्यमंडळानें इ. स. १८७२ च्या सुमारास निकल्स ह्यांच्याकडे पाण्याच्या पृथक्करणाचें काम सोंपविलें होतें, व त्यांतील बराच भाग ह्या बाईंनींच हातांवेगळा केला. त्यांतील दोन परीक्षा आमच्या विद्यार्थ्यांनीं समजून घ्याव्या अशा आहेत.

पहिली परीक्षा क्लोराइडची, म्हणजे मुख्यतः मिठाची. मोजून घेतलेल्या पाण्यांत पोटॅशियम क्रोमेटच्या पिंवळ्या द्रावाचे थोडे थेंब घालावयाचे आणि मापाच्या नळींतून सिल्व्हर नायट्रेटचा द्राव थेंबथेंब सोडावयाचा. पाण्यांत क्लोराइड शिल्लक आहे तोंपर्यंत पांढरा साका पडत राहतो. तें संपलें रे संपलें कीं पुढला थेंब क्रोमेटशीं संयोग पावतो व सारें पाणी विटकरी छटा धरितें. तेथें हात थांबवावयाचा, आणि नळींतून किती द्राव गेला तें वाचावयाचें. त्यावरून पाण्यांत क्लोराइड किती हें साध्या त्रैराशिकानें निघतें. मनुष्याच्या आहारांत मीठ असतें व तें मूत्रावाटें बाहेर पडतें. जमीन पुष्कळ पदार्थ धरून ठेवते, पण क्लोराइडला ती अडवीत नाहीं. म्हणून जेथें वस्तीचें सांडपाणी झिरपलें तेथें तें हटकून सांपडतें.

दुसरी परीक्षा अमोनियाची. पाणी ऊर्ध्वपातनाच्या पात्रांत तापवून निघालेली वाफ थंड करावयाची व जमलेल्या पाण्यांत नेसलर नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें तयार केलेला द्राव घालावयाचा. अमोनिया असल्यास पिंवळसर रंग येतो; जास्त असल्यास तो गडद होत जातो. हा रंग माहीत असलेल्या प्रमाणांच्या नळ्यांशीं पांढऱ्या कागदावर ताडून पाहावयाचा. ह्या परीक्षेचें मर्म असें : मैला पाण्यांत ताजा असतो तेव्हां त्यांतील नायट्रोजन प्रथम अमोनियाच्या रूपांत येतो, पुढें त्याचें नायट्राइट होतें, आणि शेवटीं नायट्रेट. म्हणून अमोनिया व नायट्राइट सांपडलें तर घाण नुकतीच पडली. केवळ नायट्रेट पुष्कळ असलें तर ती जुनी. आणि तिन्ही नाममात्र असलीं तर पाणी बहुधा निर्दोष. वाळूंतील पावलांवरून जनावर केव्हां गेलें हें जसा शिकारी सांगतो, तसा रसायनज्ञ ह्या तीन पदार्थांवरून घाणीचें वय सांगतो. (नेसलरच्या द्रावांत पारा असतो, म्हणून अलीकडे त्याच्या जागीं दुसऱ्या परीक्षा रूढ होत चालल्या आहेत. विद्यार्थ्यांनीं तो घरीं करून पाहूं नये.)

मध्यंतरीं बाईंनीं स्वतःपुरतें न पाहतां आपल्या मागून येणाऱ्या मुलींसाठीं वाट मोकळी केली. बॉस्टनच्या स्त्रीशिक्षणमंडळाकडून पैसा मिळवून इ. स. १८७६ मध्यें त्यांनीं विद्यालयांत स्त्रियांची निराळी प्रयोगशाळा उघडविली. तेथें त्या वेतन न घेतां शिकवीत, इतकेंच नव्हे तर दरसाल सुमारे १००० डॉलर पदरचे घालीत. सात वर्षांनीं ती प्रयोगशाळा बंद झाली, आणि ती बंद झाली ह्यांतच तिचें यश होतें. कारण विद्यालयानें आतां मुलींना मुलांच्या बरोबरीनें नेहमींच्या वर्गांत घेतलें होतें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे इ. स. १८८४ मध्यें, आरोग्यरसायनाची नवी प्रयोगशाळा निघाली व बाई तेथें शिक्षिका नेमल्या गेल्या. ती जागा त्यांच्याकडे मरेपर्यंत राहिली; परंतु प्रोफेसर हें पद त्यांस कधींच मिळालें नाहीं.

इ. स. १८८७ मध्यें आरोग्यमंडळानें सबंध संस्थानांतील पिण्याच्या पाण्याची पाहणी आरंभिली. एवढ्या विस्ताराची पाहणी अमेरिकेंत पूर्वीं झाली नव्हती. तिचे प्रमुख डॉ. थॉमस ड्राउन हे होते. प्रयोगशाळेची प्रत्यक्ष व्यवस्था मात्र बाईंकडे. तळीं, नद्या, विहिरी ह्यांचे नमुने कांचेच्या बाटल्यांत भरून महिन्याच्या महिन्यास बॉस्टनला येत. अमोनियाची परीक्षा शिळ्या पाण्यावर करून भागत नाहीं, म्हणून आलेली बाटली उद्यांवर टाकतां येत नसे. दोन वर्षांत २० हजारांहून अधिक नमुने बाईंच्या देखरेखीखालीं तपासले गेले. आमचे विद्यार्थी एका तासांत एक परीक्षा करून थकतात; त्यांनीं ह्या आंकड्याचा थोडा विचार करावा.

ह्या आंकड्यांच्या ढिगांतून जें निघालें तें मोठें विलक्षण होतें. पाण्यांतील क्लोराइड हें मैल्याचें चिन्ह खरें, पण समुद्रकांठच्या विहिरींत तें मैल्यावांचूनही असतें. मग कोणतें पाणी बिघडलेलें मानावें? समुद्राच्या दर लिटर पाण्यांत सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतें, आणि वारा लाटांचे तुषार उडवून तें मीठ जमिनीवर आणून टाकतो. म्हणून वस्तीपासून दूर असलेल्या, ज्यांत मनुष्याचा संबंध नाहीं, अशा तळ्यांचेच आंकडे निराळे काढून नकाशावर मांडले. तेव्हां असें दिसलें कीं समुद्रकांठीं क्लोराइड सर्वांत अधिक, आणि जसजसें पश्चिमेकडे डोंगरांत जावें तसतसें तें कमी कमी होत जातें. सारख्या प्रमाणाच्या ठिकाणांतून रेघा ओढल्या तर त्या समुद्रकिनाऱ्याला साधारण समांतर अशा पडतात. हाच तो स्वाभाविक क्लोरीनचा नकाशा. आतां कोणत्याही गांवच्या विहिरीचें पाणी आलें कीं नकाशावर तो गांव पाहावयाचा. तेथील स्वाभाविक प्रमाणापेक्षां क्लोराइड अधिक निघालें तर तें समुद्राचें नव्हे, मनुष्याचें. आणि जितकें अधिक तितकी शेजारची वस्ती त्या विहिरींत उतरली आहे असें समजावयाचें. निर्मळ पाणी कसें असतें हें आधीं ठाऊक असल्याशिवाय मलिन पाणी ओळखतां येत नाहीं, ही साधी गोष्ट ह्या नकाशापूर्वीं कोणीं इतक्या नेटानें अमलांत आणली नव्हती.

ह्या पाहणींतूनच अमेरिकेंतील पाण्याच्या दर्जाच्या पहिल्या सरकारी कसोट्या निघाल्या. त्यांची निकड किती होती हें लवकरच दिसून आलें. मेरिमॅक नदीवर वरच्या अंगास लोवेल आणि खालच्या अंगास लॉरेन्स अशीं दोन गिरण्यांचीं शहरें आहेत. लोवेलचा मैला नदींत जाई आणि लॉरेन्सचे लोक तीच नदी पीत. इ. स. १८९०-९१ मध्यें दोन्ही शहरांत विषमज्वराची साथ उसळली. सेज्विक नांवाच्या शास्त्रज्ञांनीं ह्या साथीचा माग नदीपर्यंत पोंचविला. आणि आरोग्यमंडळाच्या लॉरेन्स येथील प्रयोगकेंद्रांत झालेल्या अभ्यासावरून इ. स. १८९३ मध्यें तेथें वाळूची मोठी गाळणी बांधण्यांत आली. त्यानंतर विषमज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें उतरले. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे : रासायनिक परीक्षेंत रोगजंतु दिसत नाहींत. तीवरून फक्त घाणीची वाट पाण्यापर्यंत आली आहे एवढें कळतें. म्हणून आज रासायनिक परीक्षेच्या जोडीला जंतूंची परीक्षा अवश्य मानली जाते.

बाईंच्या इतर उद्योगांविषयीं थोडक्यांतच लिहितों. कारण ते इतके आहेत कीं त्यांचाच एक स्वतंत्र लेख व्हावा. स्वयंपाक व स्वच्छता ह्यांच्या रसायनावर त्यांनीं इ. स. १८८२ मध्यें गृहिणींसाठीं पुस्तक लिहिलें. इ. स. १८९३ च्या शिकागो येथील प्रदर्शनांत त्यांनीं एक आदर्श स्वयंपाकघर चालवून, कोणत्या अन्नापासून किती पोषण मिळतें हें लोकांस दाखविलें. इ. स. १९०० मध्यें वुडमन ह्या सहकाऱ्याबरोबर हवा, पाणी व अन्न ह्यांच्या परीक्षेवर त्यांनीं पाठ्यपुस्तक रचलें. गृहशास्त्र हा विषय अमेरिकेंतील शाळाकॉलेजांत रूढ झाला तो मुख्यतः त्यांच्या खटपटीनें. त्या विषयाची राष्ट्रीय संस्था इ. स. १९०८ च्या अखेरीस निघाली तेव्हां तिच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. कांहीं टीकाकार म्हणतात कीं ह्यामुळें मुलींना पुन्हां चुलीशींच बांधलें गेलें. ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु ज्यांना कॉलेजचें दार बंद होतें त्या लाखों बायकांच्या घरांत विज्ञान कोणत्या दारानें शिरणार होतें, ह्याचाही विचार केला पाहिजे.

इ. स. १९१० मध्यें स्मिथ कॉलेजनें त्यांस सन्मानाची डॉक्टर ही पदवी दिली. आपल्याच विद्यालयानें जी नाकारली होती ती सदतीस वर्षांनीं परक्याकडून आली. ता. ३० मार्च १९११ रोजीं बॉस्टन येथें हृदयविकारानें त्यांचा अंत झाला. वय ६८ वर्षांचें होतें. शेवटच्या दिवसांपर्यंत त्या कामांत होत्या. त्यांच्या विद्यालयानें इ. स. १९७३ मध्यें, त्यांच्या पदवीला शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्यांच्या नांवानें एक प्रोफेसरपद निर्माण केलें.

त्यांच्या नकाशाची पुढली हकीगत मात्र सांगावयाची राहिली. त्या भागांत थंडीच्या दिवसांत रस्त्यांवर बर्फ सांचतें, आणि मोटारी घसरूं नयेत म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून तें वितळविण्यास रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रघात पडला. तें मीठ वितळलेल्या बर्फाबरोबर विहिरींत व तळ्यांत उतरतें. त्यामुळें आज तेथें क्लोराइड वाढलेलें दिसलें तर तें मैल्याचें कीं रस्त्याचें हें एकट्या सिल्व्हर नायट्रेटनें सांगतां येत नाहीं. त्यासाठीं रसायनज्ञ क्लोराइडच्या जोडीला ब्रोमाइडचें प्रमाण मोजून दोहोंची तुलना करितात. आणि मनुष्याचा हात लागण्यापूर्वीं त्या तळ्यांचें पाणी किती खारट होतें हें पाहावयाचें झाल्यास, एलनबाईंच्या प्रयोगशाळेंतून निघालेले ते जुने आंकडे अजूनही उघडून पाहावे लागतात.